पट्टीने आखलेली सावली

आमच्या घरात रेडिएशनला ‘करंट’ म्हणतात. पुण्या-मुंबईकडचे लोक ‘शेक’ म्हणतात असं पुढे कळलं. पण आम्ही तीन-चार पिढ्या बेंगळूरचे, त्यामुळे कन्नड शेजाऱ्यांचा शब्द उचलून मोकळे झालो. अक्काला करंट द्यायचं ठरलं तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, शहरातली वीज रोज जायची. घरात कुणी “करंट आला का?” असं विचारलं की आधी पंख्याकडे बघायचं की अक्काकडे, हे कळत नसे. अक्काच उत्तर द्यायची, “मला आलाय. पंख्याला अजून नाही.”

अक्का माझी सख्खी मोठी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जयनगरला दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिचा डावा स्तन काढला होता. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. घरात आम्ही सगळे ‘ते ऑपरेशन’ एवढंच म्हणायचो, आणि ‘ते’ म्हणताना मी तर दुसरीकडे बघायचो. ऑपरेशननंतर पाच आठवडे करंट. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाईंनी तिच्या छातीवर आणि गळपट्टीच्या हाडाखाली जांभळ्या शाईच्या रेषा आखल्या होत्या. मशीनचा झोत नेमका त्या चौकटीत पडावा म्हणून. रेषा पुसायच्या नाहीत, तिथे पाणी लावायचं नाही. पहाटे डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावणारी अक्का पाच आठवडे त्या रेषांना सांभाळत अर्धवट आंघोळ करत होती. “माझा नकाशा काढलाय रे, तम्मा,” ती म्हणायची. तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. “म्हैसूर कुठं, मंड्या कुठं, सगळं आखलंय.”

करंट संपला. रेषा हळूहळू निघून गेल्या. अक्काने घरी सत्यनारायण घातला. आणि त्यानंतर दोनेक महिन्यांनी ती खोकायला लागली.

आता माझ्याविषयी सांगायला हवं, आणि ते मी शक्य तितकं पुढे ढकलत आलो आहे. मी बेंगळूरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे एका खासगी सेंटरमध्ये एक्स-रे काढायचो. वीस बाय बाराची जागा, एक मशीन, एक अंधारी खोली, आणि संध्याकाळी येऊन दिवसभराचे फोटो वाचणारे मालक डॉक्टर. कारखान्यातले, कसाईगल्लीतले, अरबस्तानात जायला निघालेले, सगळे माझ्यासमोर उघड्या अंगाने उभे राहायचे आणि मी “श्वास आत, धरा, सोडा” हे कन्नड, तमिळ, उर्दू आणि मराठीत म्हणायचो. माझ्या फोटोंचं नाव होतं. डॉक्टर म्हणायचे, “तुझी फिल्म ओळखू येते.” माणसाला बिघडवायला एवढं पुरतं.

ज्या म्हाताऱ्या टेक्निशियनच्या हाताखाली मी शिकलो, त्याचा एक नियम होता. अंधाऱ्या खोलीत, तांबड्या दिव्याखाली, तो ओली फिल्म झटकत सांगायचा: शरीरात कुठेही सरळ रेष नसते. हाड वाकडं, काळीज वाकडं, फुप्फुस वाकडं, रोगसुद्धा वाकडातिकडा पसरतो. फिल्मवर पट्टीने मारल्यासारखी रेष दिसली तर ती पेशंटची नाही. ती तुझी. कॅसेटची, म्हणजे फिल्म ठेवायच्या चपट्या डब्याची, आतली पट्टी फाटली असेल, कपड्याची घडी आली असेल, फिल्म वाकली असेल; पण चूक तुझीच.

मी हा नियम पंधरा वर्षं पाळला. तो एकदाच चुकला.

अक्काचा खोकला कोरडा होता. संध्याकाळी अंग जरा कोमट व्हायचं. जिना चढताना मधल्या चौकात ती थांबायला लागली. भावोजी, म्हणजे अक्काचे यजमान, म्हणाले, “फोटो काढून टाकू. घरातलाच माणूस आहे.” एका सकाळी अक्का बसने शिवाजीनगरला आली, वाटेत माझ्यासाठी खोबऱ्याच्या मिठाईचा डबा घेऊन. तिला मी मशीनसमोर उभं केलं. वेणी वर बांधायला लावली, कारण तिची वेणी जाड होती आणि वेणीचीही सावली पडते. “श्वास आत, धर.” तिला धरवला नाही, खोकली. दुसऱ्यांदा धरला.

फिल्म धुतली आणि तांबड्या दिव्याकडे धरली, तर डाव्या बाजूला वर, गळपट्टीच्या हाडाखाली, पांढुरकं धुकं. आणि त्या धुक्याची खालची कड सरळ. पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ.

पहिला विचार अक्काचा आला नाही, हे मला आधी कबूल करू दे. पहिला विचार आला कॅसेटचा. त्याच आठवड्यात एका कॅसेटमधली पट्टी फाटल्यामुळे चार फोटो वाया गेले होते आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, “कंटाळा आलाय का कामाचा?” ती कॅसेट मी बाजूला काढायला हवी होती. काढली होती की नाही हे आठवेना. म्हणून दुसरी कॅसेट घेतली, अक्काला पुन्हा उभं केलं. “हललीस तू,” मी तिला सांगितलं. ती हलली नव्हती.

दुसऱ्या फोटोतही तेच धुकं होतं. तीच रेष.

इथे थांबून शहाण्या माणसाने विचार केला असता. कॅसेट दोन, रेष एक. म्हणजे रेष कॅसेटची नाही. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मलाही समजलं, आणि समजलं त्याच क्षणी मी ते बाजूला ठेवलं. फिल्म धुवायचं औषध जुनं झालं असेल, ब्लाउजची घडी असेल, वेणी पुन्हा घसरली असेल. घडी नव्हती आणि वेणी जागेवर होती. पण सख्ख्या बहिणीचे दोन फोटो वाया घालवले हे संध्याकाळी डॉक्टरांना कसं सांगायचं, याच्यापुढे माझी अक्कल जाईना. तिसऱ्यांदा मी मशीनचा जोर वाढवला. वेळही वाढवला. जोर वाढवला की फिल्म काळी येते आणि काळ्या फिल्ममध्ये धुकं जळून जातं. हे मला चांगलं माहीत होतं, कारण नेमकी हीच चूक टाळण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तिसरा फोटो सुंदर आला. रेष नाही, धुकं नाही. दोन्हीकडे गुळगुळीत काळोख.

डॉक्टरांनी संध्याकाळी तो दिव्याच्या पेटीवर लावला, अर्ध्या मिनिटात खाली काढला. “थोडा डार्क आहे. पण क्लियर.” आधीच्या दोन फिल्मा मी भंगाराच्या खोक्यात टाकल्या. जुन्या फिल्मांतली चांदी काढणारा माणूस शनिवारी येऊन खोकं घेऊन गेला.

आणि मग सुरू झाले ते तीन आठवडे.

अक्का खोकायची आणि भावोजी पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “फोटोत तर काही नाही. मग खोकला येतो कुठून, शेजारून?” हा विनोद त्यांना फार आवडला. पहिल्या आठवड्यात त्यांनी तो रोज केला. खालच्या मजल्यावरच्या कन्नड बाई वर येऊन म्हणायच्या, “स्वल्प टेन्शन, अक्का. ऑपरेशन झालं की असं होतं. मनाला लावून घेऊ नका.” स्वल्प म्हणजे थोडं, इथे सगळं स्वल्पच असतं. भावोजींनी तिला सकाळी पार्कात श्वासाच्या व्यायामाला नेलं. तिथे वीस माणसं एका तालात श्वास घेत होती आणि अक्का मध्येच बाकावर जाऊन बसली, तर शिकवणारे गृहस्थ म्हणाले, “बाईंचं लक्ष लागत नाही.” माझी बायको मला म्हणाली, “वन्सं जरा जास्तच करतात, नाही?” आणि हसली.

मी काय करत होतो? मीही तेच म्हणत होतो. आवाज मऊ ठेवून, एवढाच फरक. एकदा अक्काने मला बाजूला घेऊन विचारलं, “तम्मा, खरं सांग. खरंच काही नव्हतं फोटोत?”

“काही नाही गं. क्लीन आहे.”

“मग मला असं का वाटतंय की आत कुणीतरी दार लावून घेतलंय?”

“मनाचे खेळ असतात, अक्का.”

ती म्हणाली, “सरी.” कन्नडमध्ये सरी म्हणजे बरं, ठीक. वाद मिटवायला याच्याइतका सोयीचा शब्द मराठीत नाही. त्यानंतर ती आमच्यासमोर खोकायचीच बंद झाली. खोकला आला की उठून न्हाणीघरात जायची आणि बादलीत नळ सोडायची.

करंट देणाऱ्या बाईंकडे तपासणीची तारीख आली तेव्हा मी बरोबर गेलो. भावोजींनी खुशाल सुट्टी वाचवली, कारण क्लीन माणसाबरोबर कशाला जायचं. बाईंनी अक्काच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. तिला कपडे सावरायला पडद्यामागे पाठवलं आणि मी दिलेला फोटो खिडकीकडे धरला.

“हा कुणी काढला?”

मी फोटोच्या रिकाम्या पाकिटाची घडी घालायला लागलो.

“फोटो म्हणून चांगला आहे,” त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. “अमावस्येचा. छातीचा नाही. यात फुप्फुस आहे कुठे?”

“सेंटरमध्ये कुणी नवीन माणूस असेल,” मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. पडदा सहा फुटांवर होता, आणि त्यामागे अक्का ब्लाउजची बटणं लावत होती. तिने ते ऐकलं की नाही हे मी कित्येक वर्षं तिच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. नसावं ऐकलं. खोकला लपवायला तिने पडद्यामागचा नळ सोडला होता.

बाईंनी त्याच दिवशी सी.टी. स्कॅन करायला लावला. तेव्हा ते मशीन शहरात फार ठिकाणी नव्हतं. दुपारभर बसून राहिलो. अक्काला त्या गोल भोकातून आत सरकवताना तिने मला हात केला, बसच्या खिडकीतून करतात तसा. स्कॅनचे तुकडे बाईंनी पेटीवर लावले आणि मला जवळ बोलावलं. मी याच धंद्यातला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्या एखाद्या नातेवाइकाला सांगावं तसं सावकाश सांगत होत्या.

“हे पांढरं दिसतंय ना, ही सूज. न्यूमोनिया नाही, टीबी नाही, कॅन्सरही नाही. हा आमचा करंट. मारायचं होतं ते मारलं, पण शेजारी पडलेलं फुप्फुस पण थोडं भाजलं. होतं असं काही जणांना, दोन-तीन महिन्यांनी. आणि कशावरून ओळखायचं सांगू?” त्यांनी पेनाचं टोक त्या पांढऱ्या भागाच्या कडेवरून ओढलं. “बघा, कशी सरळ कड आहे. जंतू काही पट्टी घेऊन येत नाहीत. ही रेष माझी आहे. मी त्यांच्या अंगावर आखली, तिथेच सूज थांबलीय.”

ती रेष मी ओळखत होतो. तीन आठवड्यांपूर्वी, ओल्या फिल्मवर, तांबड्या दिव्याखाली बघितलेली. नियमाप्रमाणे शरीरात नसलेली ती रेष खरोखरच शरीराची नव्हती. एका बाईने शाईने आखलेली होती, आणि माझ्या बहिणीने अर्धवट आंघोळ करून पाच आठवडे सांभाळलेली होती. म्हातारा टेक्निशियन पूर्ण चुकला नव्हता. चूक माणसाचीच होती, एवढं त्याचं बरोबर होतं.

“जरा आधी आला असतात तर बरं झालं असतं,” बाई म्हणाल्या.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी अक्का पायरीवर न थांबता वर आली आणि दारात उभी राहून मोठ्याने म्हणाली, “उघडलं दार.” तोंड सुजून गोल झालं, भूक राक्षसासारखी लागायला लागली, रात्रीच्या भाकऱ्या सकाळी उरेनात. सगळ्यांना आनंद झाला. गोळ्या हळूहळू कमी केल्या, सूज गेली, पण ते कोपऱ्यातलं फुप्फुस सुकून आखडलं ते कायमचं. भराभर चालली की आजही तिचा दम सुटतो.

हे झालं शरीराचं. पण आमच्या घराने या गोष्टीचा एक वेगळाच इतिहास लिहून ठेवला. तो असा: आधी अक्काला उगीच वाटत होतं. फोटोच होता ना क्लीन. मग तीन आठवडे मनाला लावून घेऊन घेऊन शेवटी खरंच काहीतरी झालं. भावोजी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, अगदी प्रेमाने. पुढे अक्का कशाचीही तक्रार करायला लागली, गुडघा म्हणू नका, दाढ म्हणू नका, भाजीवाल्याने वजनात मारल्याची म्हणू नका, की कुणीतरी म्हणायचंच, “फोटो काढू या का?” आणि सगळे हसायचे. अक्काही हसायची. सर्वांत शेवटी मी हसायचो, कारण न हसणं संशयास्पद दिसलं असतं.

एकदा मी आमच्या मालक डॉक्टरांना सांगून टाकलं. निदान कुणीतरी मला झाडावं अशी इच्छा होती. त्यांनी चहा ढवळत ऐकून घेतलं. म्हणाले, “अरे, तू ती पहिली फिल्म मला दाखवली असतीस तरी मी काय लिहिलं असतं? वरच्या बाजूला सावली, खोकला, ताप. टीबी लिहिलं असतं. सगळेच लिहितात. सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या असत्या बिचारीने. तुझ्यामुळे माझी चूक वाचली.” आणि पाठीवर थाप मारली. मी शिक्षा मागायला गेलो होतो, आभार घेऊन आलो.

दशक संपता संपता अक्काच्या पोटात दुखायला लागलं. आम्हाला कळलं ते तिसऱ्या दिवशी, ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून खाली बसली तेव्हा. पित्ताशयात खडे होते आणि त्यात पू झाला होता. ऑपरेशन करणारे सर्जन माझ्यावरच ओरडले, “दोन दिवस काय करत होता तुम्ही लोक?” अक्का शुद्धीवर आल्यावर मी तिला तेच विचारलं.

“बोलली का नाहीस?”

ती छताकडे बघत होती. “फोटोत आलं नसतं तर?”

एवढंच म्हणाली. विनोद म्हणून नव्हे, टोमणा म्हणूनही नव्हे. दोन दिवस ती स्वतःच्या पोटावर विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करत होती. तिचं फुप्फुस करंटने आखडलं. हे जे दुसरं आखडलं होतं, ते माझ्या हातचं होतं.

ती घरी आली त्याच्या पुढच्या रविवारी मी जयनगरला गेलो. भावोजी बाहेर पेपर वाचत होते. अक्का स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चिंच कोळत होती. मी उभ्या-उभ्या सांगायला लागलो. वाटलं होतं लांब होईल, पण सगळं पाच मिनिटांत संपलं. कॅसेट, दोन फोटो, तिसरा फोटो, भंगाराचं खोकं, ‘कुणी नवीन माणूस’. अक्काचा हात चिंचेच्या पाण्यात तसाच राहिला.

“पहिल्या फोटोत दिसलं होतं?”

“हो.”

“दुसऱ्यात?”

“दिसलं होतं.”

“म्हणजे मी खोकत होते.”

“हो, अक्का.”

“तीनही आठवडे.”

“हो.”

मला वाटलं ती रडेल, किंवा निदान मला काहीतरी फेकून मारेल. मी त्याची तयारी करून गेलो होतो. माझी मागायची क्षमासुद्धा पाठ होती, बसमध्ये दोनदा म्हणून बघितली होती. ती तिने मागूच दिली नाही. तिने हात धुतला, पदराला पुसला, आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं.

“हा काहीतरी सांगतोय,” ती भावोजींना म्हणाली. “पेपर ठेवा.”

मी पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटते, कारण वाक्यं तयार झालेली असतात. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“म्हणजे तेव्हा हिला खरंच होत होतं?”

“हो.”

“मग मला काय माहीत? तू एवढा एक्स-रेवाला! तुझा फोटो म्हणून मी विश्वास ठेवला.” त्यांचा आवाज चढायला लागला, मोकळं झाल्यासारखा चढला. “म्हणजे चूक सगळी तुझी झाली की नाही?”

“फोटो त्याचा चुकला,” अक्का म्हणाली. “तोंड तुमचं होतं.”

भावोजींनी पेपराची घडी घातली. मग विचारलं, “कॉफी करू का?” मी त्या घरात तीस वर्षं येत होतो, पण त्यांनी कॉफी केलेली मी पाहिली नव्हती. फार वाईट झाली होती. अक्काने ती सगळी प्यायली आणि चांगली झाली असं म्हणाली नाही.

निघताना मी चपला घालत होतो तेव्हा ती दाराशी आली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे, झालं ते झालं.

“तुझी बायकोही हसली होती,” ती म्हणाली. “तिलाही सांग. आजच.”

मी घरी गेलो आणि बायकोला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, सुस्कारा टाकला आणि म्हणाली, “मला तेव्हाच वाटलं होतं, वन्संना खरंच काहीतरी होतंय.”

तिला तेव्हा असं काही वाटलं नव्हतं. ती हसली होती, आणि कुठल्या खुर्चीवर बसून हसली होती तेही मला आठवतं. पण कुणाला काय वाटलं होतं आणि काय नव्हतं, हे ठरवायचं काम मी आता करत नाही.